सुचविणारी यादी मुकी झाली तर

संगणकावर प्रोग्रॅम लिहितांना दोन अक्षरें उमटतांच पुढील नांवें सुचविणारी यादी उघडते. ती एकाएकीं बंद पडली कीं पुष्कळ विद्यार्थी एडिटर काढून पुन्हां बसवितात. हा श्रम बहुधा व्यर्थ जातो. व्हिज्युअल स्टुडिओ कोडसारख्या एडिटरला स्वतःला भाषेचें ज्ञान बेताचेंच असतें. तें एका निराळ्या सेवकाजवळ असतें. या दोघांच्या संभाषणाचे सर्वसामान्य नियम २०१६ सालीं जाहीर झाले.

म्हणून शोध क्रमानें घ्यावा. प्रथम कंट्रोल व स्पेस या कळा एकत्र दाबाव्या. यादी आली, तर ती आपोआप उघडण्याची सोय तेवढी बंद असावी. न आल्यास खालच्या पट्टींत भाषेचें नांव पाहावें. तेथें ‘प्लेन टेक्स्ट’ असेल, तर त्या भाषेच्या सेवकास बोलावणेंच गेलेलें नाहीं. पुढें, सुटी फाइल न उघडतां सबंध फोल्डर उघडावा. पायथॉन असल्यास निवडलेला इंटरप्रिटर तपासावा. दुसऱ्या इंटरप्रिटरसाठीं बसविलेलीं पॅकेजें सेवकास दिसत नाहींत. शेवटीं ‘आउटपुट’ भागांतील नोंद वाचून सेवकास पुन्हां सुरू करावें.

यादी गेली म्हणून लिहिलेला प्रोग्रॅम चुकीचा ठरत नाहीं. तो पुसूं नये, चालवून पाहावा.