चाळिशीनंतरचं साखरेचं कोठार

जेवून मांडी सोडताना हात जमिनीला टेकावा लागतो? मग मांड्यांकडे लक्ष द्यायची वेळ झाली. तिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायू साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटत जातात. वजनकाटा हे सांगत नाही, कारण गेलेल्या स्नायूची जागा चरबी घेते.

स्नायू फक्त ताकदीसाठी नसतात. जेवणानंतर रक्तात आलेली बरीचशी साखर तेच साठवतात. कोठार आकसलं की साखर रक्तातच रेंगाळते. दिलासा असा, की आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहताही साखर आत ओढतो. म्हणून रात्री जेवून लगेच आडवं होण्याऐवजी पंधरा मिनिटं शतपावली करा.

पण नुसतं चालणं पुरत नाही. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालण्यासोबत दोन दिवस ताकदीचा व्यायामही हवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा, सुरुवात झाली!

स्नायूंना प्रथिनंही लागतात. ६० किलो वजनाला रोज साधारण ५० ग्रॅम. म्हणून ताटात भात थोडा कमी, मटकीची उसळ दुप्पट, सोबत वाटीभर दही किंवा अंडं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

पन्नाशीतही स्नायू नव्याने बळकट होतात. आजच उठा.