वहिनींचा सलाईनचा दिवस

आमच्या थोरल्या वहिनींच्या छातीत गाठ आली, ती त्यांनी आठ महिने कुणाला सांगितली नाही. आधी ऊस बांधणीला आला होता, मग धाकटीचे लग्न निघाले, मग पाऊस लागला. दादांच्या कानावर आले तेव्हा गाठ लिंबाएवढी झाली होती. आता दर एकवीस दिवसांनी त्यांना पुण्याला सलाईनमधून औषध घ्यायला जावे लागते. दादांचे गुडघे धरतात, म्हणून सोबत मी जातो. तिथे नेमके काय करतात हे गावात कुणाला नीट ठाऊक नसते. 'विजेचे झटके देतात' इथपासून 'गेलेले माणूस परत येत नाही' इथपर्यंत काहीही ऐकू येते. म्हणून पाहिले तसे लिहितो.

केडगावहून सकाळच्या गाडीने निघालो. कर्करोगाच्या रुग्णाला आणि सोबतच्या माणसाला रेल्वेच्या भाड्यात सवलत असते, त्यासाठी रुग्णालयाचा दाखला लागतो. पिशवीत शिधापत्रिका, आधार कार्ड, सगळे जुने कागद, मऊ भाताचा डबा, पाण्याच्या दोन बाटल्या आणि एक शाल. शाल विसरू नये. तो हॉल थंडगार असतो.

नऊ वाजता पहिले काम वजनाचे. उंची आणि वजन यांवरून अंगाचे क्षेत्रफळ काढतात आणि चौरस मीटरला इतके मिलिग्रॅम, अशी औषधाची मात्रा ठरते. आपण एकरी मात्रा काढतो, त्यातलाच हा प्रकार. मग रक्ताचा तपास. पांढऱ्या पेशी कमी असल्या तर औषध देत नाहीत, पुढची तारीख देतात. मागच्या खेपेला एका बाईंना तसेच परत पाठवले. लांबून आलेल्या, बिचाऱ्या रडायलाच लागल्या. पण वाफसा नसताना पेरणी कोण करतो?

पैशाचे म्हणाल, तर २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिबा फुले यांच्या नावाने चालणारी राज्याची जन आरोग्य योजना या उपचाराला लागू आहे. योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचे टेबल असते. शेत गहाण टाकण्याआधी त्या टेबलाशी जावे.

मग वाट पाहणे. दिवसाचा निम्मा भाग यातच जातो. शेजारच्या बाकावरच्या एका बाई वहिनींना हळूच म्हणाल्या, "ताई, सदाफुलीच्या पाल्याचा काढा घ्या, त्यातनंच हे औषध करतात." बोलणे अर्धे खरे होते. सदाफुलीपासून निघणारी दोन औषधे कर्करोगावर वापरतात, त्यातले एक लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात फार उपयोगी पडले. १९५० च्या दशकात कॅनडातले शास्त्रज्ञ मधुमेहासाठी हा पाला तपासत होते. साखर उतरली नाही, पण उंदरांच्या पांढऱ्या पेशी मात्र उतरल्या, तिथून हा शोध लागला. आता विचार करा, ज्या पेशींसाठी आज वहिनींचे रक्त तपासले, त्याच पेशी घरचा काढा मोजमापाविना मारणार. मी त्या बाईंना हे सांगितले. त्यांना फारसे पटले नसावे. पण वहिनींनी ऐकले.

साडेअकराला खुर्ची मिळाली. सिस्टरने हाताची शीर शोधून सुई लावली. आधी उलटी आवरणारी औषधे दिली. त्यानंतर मोठ्या सिरिंजमधले लालभडक औषध, चालू सलाईनबरोबर सावकाश. वहिनींनी डोळे मिटून घेतले. हे औषध इटलीतल्या एका जुन्या किल्ल्याजवळच्या मातीत सापडलेल्या जिवाणूच्या कुळीतून आले. पहिल्या पावसानंतर मातीला जो वास सुटतो, तो याच जिवाणूंच्या भाऊबंदांचा. वहिनींना हे सांगितले तेव्हा त्या त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या. "म्हंजी मातीच हाय की वं भावजी!"

हे औषध शिरेबाहेर सांडले तर आतले मांस जळते. चुरचुरले, आग झाली, फुगले, तर तत्काळ सिस्टरला हाक मारावी. आपल्या बायका सोसत बसतात, ते इथे महागात पडते. आणि नंतर एक-दोन दिवस लघवी लाल होते, ते रक्त नव्हे. पहिल्या खेपेला आम्हाला हे माहीत नव्हते, तेव्हा घरात रडारड झाली होती.

नंतर सलाईनच्या बाटल्या. साध्या नळीत वीस थेंबांचे एक मिलिलिटर होते. अर्ध्या लिटरची बाटली चार तासांत संपवायची तर मिनिटाला बेचाळीस थेंब पडले पाहिजेत. मी घड्याळ लावून मोजले. संध्याकाळची गाडी चुकेल असे वाटून माझा हात नळीवरच्या चाकाकडे गेला. "काका, हे तुमचे ठिबक नाही," सिस्टर म्हणाली. जन्मभर शेतकऱ्यांना मात्रा पाळायला सांगत आलेला मी, खाली मान घालून बसलो. त्या चाकाला नातेवाइकांनी हात लावायचा नाही.

वहिनींनी दोन घास भात खाल्ला, पाणी भरपूर प्यायल्या. समोरच्या खुर्चीत एक मुलगा अभ्यासाचे पुस्तक वाचत होता. कुणी झोपले होते, कुणी घरी फोन करून दूध किती निघाले ते विचारत होते. शॉक नाही, किंकाळी नाही.

निघताना सिस्टरने घरचे बजावले. दोन दिवस रुग्णाचे मळलेले कपडे हातमोजे घालून वेगळे धुवावेत. दूध उकळूनच प्यावे. शेण काढणे, बुरशी आलेला कडबा हलवणे बंद. दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. तेव्हा १००.४ च्या वर ताप गेला, तर गोळी घालून सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच दवाखाना गाठायचा. वहिनींनी विचारले, "मग गोठा कोण बघंल?" त्याचे उत्तर सिस्टरकडे नव्हते. घरी आल्यावर ते सुनेने दिले.

गाडीत बसल्यावर दादांचा फोन आला. कारखान्याची तोड नेमकी पुढच्या तारखेच्या आठवड्यात येणार होती. तारीख चार-आठ दिवस पुढे ढकलता येईल का, असे ते विचारत होते. मी काही बोलायच्या आत वहिनींनी फोन घेतला. "गाठीच्या पायी आठ महिनं घालवलं मी. तोड तुम्ही बघा, मी भावजींबरोबर जाते," असे म्हणून त्यांनी शाल डोक्यावरून घेतली आणि उरुळी यायच्या आत त्यांना झोप लागली.