जखम भरणारी पेप्टाइडे : वण टाळण्याचा दावा कितपत खरा?

नवा रायपूर : छत्तीसगडच्या या नव्या राजधानीतील श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात जन्मजात हृदयदोष असलेल्या बालकांवर विनामूल्य उपचार केले जातात. १ नोव्हेंबर २०२५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी तेथे अशा सुमारे २,५०० बालकांशी संवाद साधला होता. छातीचे मधले हाड उघडून शस्त्रक्रिया झालेल्या बालकाच्या अंगावर उभा वण मात्र आयुष्यभर राहतो. तेथील त्वचेवर सतत ताण असल्याने तो जाड होण्याची शक्यता अधिक. वण मूळ जखमेची सीमा ओलांडून पसरू लागला, तर त्याला केलॉइड म्हणतात. सावळ्या त्वचेत हे प्रमाण जास्त आढळते.

असे वण टाळण्यासाठी ‘पेप्टाइड’युक्त मलमांची जाहिरात अलीकडे जोरात आहे. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची आखूड साखळी. शरीर अशा साखळ्यांचा उपयोग पेशींना निरोप देण्यासाठी करते.

अमेरिकी शास्त्रज्ञ स्टॅनली कोहेन यांनी उंदराच्या लाळग्रंथीचा अर्क नवजात पिलांना टोचला, तेव्हा त्यांचे डोळे नेहमीपेक्षा लवकर उघडले. त्यातून ५३ अमिनो आम्लांचा ‘ईजीएफ’ हा वृद्धिघटक हाती लागला आणि १९८६ मध्ये कोहेन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. जनावरे जखम चाटतात, त्यामागे काही अर्थ असावा, असे म्हणायला येथे जागा आहे. (माणसाने मात्र तसे करू नये; तोंडातील जिवाणूही सोबत जातात.) हाच घटक जनुकीय तंत्राने तयार करून हैदराबादच्या भारत बायोटेकने मधुमेही पायाच्या जखमांसाठी जेल बाजारात आणले.

परंतु जखम लवकर भरणे आणि वण न उरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जखम मिटल्यानंतरही कोलॅजेनची फेररचना वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ चालते, आणि वणाचे अंतिम रूप तेव्हा ठरते. गर्भावस्थेच्या पूर्वार्धात त्वचेची जखम वणाविना भरते. त्यामागील ‘टीजीएफ-बीटा ३’ या प्रथिनावर ब्रिटनच्या रेनोव्हो कंपनीने औषध बेतले. प्रारंभीच्या चाचण्या आशादायक ठरल्या; २०११ मध्ये तिसऱ्या टप्प्यातील चाचणी मात्र अपयशी ठरली. प्रयोगशाळेतील यश रुग्णाच्या त्वचेवर उतरेलच असे नाही, याचे याहून ठळक उदाहरण क्वचितच सापडेल.

सौंदर्यप्रसाधनांत दिसणारे ताम्रयुक्त ‘जीएचके’ अवघ्या तीन अमिनो आम्लांचे असून १९७३ पासून ज्ञात आहे. पेशींवरील त्याचे परिणाम उत्साहवर्धक असले, तरी शस्त्रक्रियेनंतरचा वण त्याने टळतो, हे माणसांवरील मोठ्या चाचण्यांत सिद्ध झालेले नाही. इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या ‘बीपीसी-१५७’ इंजेक्शनांची बाब अधिक गंभीर आहे. त्यांचा आधार प्रामुख्याने उंदरांवरील प्रयोगांचा आहे, आणि जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने २०२२ पासून खेळाडूंसाठी ते निषिद्ध ठरविले आहे.

तुलनेने भक्कम आधार आजही जुन्याच उपायांना आहे. जखम पूर्ण मिटल्यावर सिलिकॉनची पट्टी किंवा जेल दिवसाचे १२ तास वा अधिक, असे किमान दोन-तीन महिने वापरावे लागते. कडक उन्हापासून वण झाकावा. तो खाजू लागला, लाल राहिला अथवा कडेबाहेर सरकू लागला, तर त्वचारोगतज्ज्ञ स्टेरॉइडचे इंजेक्शन थेट वणात देतात. हा उपचार लवकर सुरू झाल्यास परिणाम अधिक चांगला मिळतो.