‘कुंकू’तील घड्याळ आणि आरसा

मूकपटांचा जमाना सरून बोलपटांचा अंमल सुरू झाल्यावर पडद्यावरची भावना पुष्कळ अंशी संवादांच्या आणि पदांच्या हवाली झाली होती. अशा काळात, १९३७ साली, पुण्याच्या प्रभात कंपनीने व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली काढलेल्या ‘कुंकू’ या बोलपटाने पार्श्वसंगीताला साफ रजा द्यावी, हे मला आजही विलक्षण धैर्याचे कृत्य वाटते. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून घेतलेल्या या कथेत वृद्ध विधुर वकिलाच्या, म्हणजे काकासाहेबांच्या, गळ्यात फसवणुकीने बांधलेली नीरा तो विवाह कबूलच करीत नाही. शांता आपटे यांनी तिचा संताप अश्रूंतून न दाखवता ताठ मानेतून आणि रोखलेल्या दृष्टीतून व्यक्त केला. करुणेची याचना तिच्या मुद्रेवर क्वचितच उमटते.

संगीताची रिकामी जागा भिंतीवरच्या जुन्या घड्याळाची टिकटिक भरून काढते, आणि तो ध्वनी काकासाहेबांच्या उताराला लागलेल्या वयाचा हिशेबनीस होऊन बसतो. आरशातले प्रतिबिंबही त्यांना तेच वय दाखवीत राहते. तथापि या योजनेला खरा अर्थ येतो तो केशवराव दाते यांच्यामुळे: रंगभूमीवर मुरलेल्या या नटाने कॅमेऱ्यासमोर आवाज आणि हातवारे आवरते घेऊन काकासाहेबांना खलपुरुष होऊ दिले नाही, आणि म्हणून नीरेचा पक्ष पूर्णपणे मान्य असणारा प्रेक्षकही त्या वृद्धाच्या उशिरा जागलेल्या विवेकाने व्याकुळ होतो.