चिमुकल्या लॅपटॉपला गिऱ्हाईक आहे काय?

व्यापाऱ्याच्या वहीत विकल्या गेलेल्या मालाची नोंद असते, उधारीची असते, परत आलेल्या मालाचीही असते. परंतु जे गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढून आले आणि हवी ती वस्तू न मिळाल्यामुळे रिकाम्या हाताने परत गेले, त्याची नोंद कोणत्याच वहीत सापडत नाही. वर्षअखेरीस हिशेब मांडताना आपण सहज म्हणून जातो की, या मालाला मागणी नाही. वास्तविक आपणांस एवढेच म्हणता येईल की, हा माल आपण ठेवला नाही, म्हणून तो विकला गेला नाही. या दोन विधानांतील अंतर केवढे मोठे असू शकते, हे अगदी लहान व हलक्या लॅपटॉपच्या उदाहरणावरून पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

गेल्या पावसाळ्यात बेळगावातील एका परिचित दुकानात आम्ही बसलो असता निपाणीकडील एक मध्यमवयीन कापड-दलाल तेथे आले. आठवड्यातील चार दिवस एस.टी.ने गावोगाव हिंडून मागणी नोंदवावयाची, हा त्यांचा व्यवसाय. एका खांद्यावर नमुन्यांची पिशवी, दुसऱ्या खांद्यावर पंधरा इंची पडद्याचा लॅपटॉप. ते म्हणाले, "मोबाइलवर निरोप जातात, भावही कळतात, पण बिल करायचे, खाते लिहायचे, जीएसटीचे विवरणपत्र भरायचे, तर बोटांखाली खऱ्या कळा हव्यात. वहीएवढा, किलोभराचा काही असेल तर दाखवा." दुकानदाराने पाच-सहा लॅपटॉप मांडले. सर्व पंधरा इंचांच्या आसपासचे. सर्वांत हलका दीड किलोहून अधिक वजनाचा. दलालांनी प्रत्येक नग हातात तोलून पाहिला, आभार मानले आणि छत्री उघडून ते निघून गेले. दुकानदार आमच्याकडे वळून म्हणाले, "काका, लहान लॅपटॉपला आता गिऱ्हाईकच राहिले नाही." हे वाक्य उच्चारले गेले, तेव्हा ते गिऱ्हाईक अजून समोरचा रस्ता ओलांडीत होते!

या विषयाचा विचार करताना प्रथम तीन शब्द वेगळे केले पाहिजेत: लहान, हलका आणि स्वस्त. बोलताना आपण त्यांची गल्लत करतो; तथापि ते तीन निरनिराळे गुण आहेत आणि त्यांची गिऱ्हाइकेही निरनिराळी आहेत. या धंद्यातील गेल्या चाळीस वर्षांतील अनेक चुका या एका गल्लतीतून उद्भवल्या आहेत.

सोबत नेता येईल अशा यंत्राची हौस जुनी आहे. १९८३ साली अमेरिकेत 'टीआरएस-८० मॉडेल १००' हे यंत्र विक्रीस आले. जपानच्या क्योसेरा कंपनीने बनविलेल्या या यंत्राचे वजन सुमारे १.४ किलो होते. पडद्यावर एका वेळी चाळीस अक्षरांच्या अवघ्या आठ ओळी दिसत आणि बाजारात कोठेही मिळणाऱ्या चार लहान सेलवर ते चाले. वृत्तपत्रांच्या बातमीदारांनी ते डोक्यावर घेतले, कारण मजकूर लिहावा आणि टेलिफोनच्या तारेवरून कचेरीत पाठवावा, हे त्यांचे काम त्यावर उत्तम होई. पुढे १९९६ साली जपानमध्ये तोशिबा कंपनीने 'लिब्रेटो' हा लॅपटॉप काढला. ६.१ इंचांचा पडदा, वजन ८४० ग्रॅम, आकार व्हिडिओ कॅसेटच्या जवळपास. त्याचे कौतुक पुष्कळ झाले. परंतु त्याच्या कळा इतक्या चिमुकल्या होत्या की, दहा बोटांनी वेगाने लिहिणे कठीण जाई.

येथेच या मालाची मूळ अडचण आहे. यंत्रातील प्रत्येक भाग दरवर्षी लहान करता येतो. माणसाची बोटे मात्र लहान करता येत नाहीत. नेहमीच्या कळफलकावर एका कळेच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंतचे अंतर सुमारे १९ मिलिमीटर असते. त्या हिशेबाने पूर्ण कळफलकास सुमारे अठ्ठावीस सेंटिमीटर रुंदी लागते, आणि ही रुंदी बारा इंची रुंदट पडद्याच्या लॅपटॉपएवढी होते. त्याहून लहान यंत्र केले की कळांना कात्री लागते. १९९५ साली आयबीएम कंपनीने 'थिंकपॅड ७०१' या यंत्रात यावर मोठी युक्ती योजिली. कळफलकाचे दोन भाग केले होते; झाकण उघडताच ते फुलपाखराच्या पंखांप्रमाणे पसरून यंत्राच्या बाहेर येत. पुढे मोठे पडदे स्वस्त झाल्यावर या युक्तीचे प्रयोजन संपले.

नंतर स्वस्ताईची लाट आली. प्राध्यापक निकोलस निग्रोपॉन्टी यांनी २००५ साली मुलांसाठी शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना मांडली. ते यंत्र २००७ च्या अखेरीस तयार होऊ लागले. शंभर डॉलरची किंमत काही साधली नाही. तथापि त्याच वर्षी रायगड जिल्ह्यातील कर्जत परिसरातल्या एका लहान शाळेत ते प्रयोगादाखल मुलांच्या हाती आले. त्याच सुमारास तैवानच्या असूस कंपनीने सात इंची पडद्याचा, एक किलोहून कमी वजनाचा 'ई-पीसी ७०१' बाजारात आणला. त्याला अनपेक्षित उचल मिळाली. २००८ साली इंटेलने अशा यंत्रांसाठी 'अ‍ॅटम' हा प्रोसेसर काढला आणि एसर, डेल, एचपी, लिनोवो, सॅमसंग या सर्वांनी 'नेटबुक' या नावाने त्याच जातीचा माल काढण्यास आरंभ केला.

ही लाट पाच-सहा वर्षांतच ओसरली. त्याची कारणे व्यापाऱ्याने ध्यानात ठेवण्यासारखी आहेत. किंमत खाली राखावयाची म्हणून प्रोसेसर मंद, मेमरी बहुधा एक गिगाबाइटच, कळा अरुंद. स्वस्त परवान्यावरील विंडोज हवी असेल, तर पडदा व मेमरी यांना मायक्रोसॉफ्टने घालून दिलेली मर्यादाही पाळावी लागे. म्हणजे लहान यंत्र चांगले करावयाचे ठरविले, तरी ते त्या दरात बसत नसे. दरम्यान २०१० साली अ‍ॅपलचा आयपॅड आला, पाठोपाठ मोबाइलचे पडदे मोठे झाले, आणि ज्यांना केवळ वाचावयाचे व पाहावयाचे होते, ते सर्व तिकडे वळले. २०१३ च्या सुमारास नेटबुकचा धंदा आटोपला. बाजाराने निष्कर्ष काढला की, लोकांना लहान लॅपटॉप नको आहे. आमच्या मते हा निष्कर्ष चुकीचा होता. लोकांना नको होता तो निकृष्ट लॅपटॉप. तो योगायोगाने लहान होता, एवढेच.

दुसऱ्या बाजूने हलकेपणाने आपला मार्ग वेगळा काढला. २०१५ साली डेलच्या 'एक्सपीएस १३' मध्ये पडद्याभोवतीची पट्टी अत्यंत बारीक करून तेरा इंची पडदा पूर्वीच्या अकरा इंची यंत्राएवढ्या देहात बसविण्यात आला. कोरियाच्या एलजी कंपनीने २०१९ साली सतरा इंची पडद्याचा 'ग्राम' लॅपटॉप केवळ १.३४ किलो वजनात आणला. आमच्या दलालांच्या खांद्यावरील पंधरा इंची यंत्राहून तो हलका ठरावा! साहजिकच बारा इंची वर्ग मागे पडला. अ‍ॅपलने अकरा इंची 'मॅकबुक एअर' २०१६ साली आणि ९२० ग्रॅम वजनाचे बारा इंची 'मॅकबुक' २०१९ साली बंद केले. लिनोवोने थिंकपॅडच्या एक्स मालिकेतील साडेबारा इंची 'एक्स-२८०' नंतर २०१९ साली तेरा इंची 'एक्स-३९०' काढला. पाऊण किलो वजन वाचविण्यासाठी पूर्वी पडद्याचा त्याग करावा लागत असे. आता तो करावा लागेना. मात्र या यंत्रांची किंमत वरच्या पायरीवर राहिली, आणि पडदा मोठा तेवढी पिशवीही मोठी, हेही कायम राहिले.

एका देशात मात्र लहान लॅपटॉपची परंपरा अखंड राहिली, तो म्हणजे जपान. तेथील नोकरदार रोज खच्चून भरलेल्या आगगाडीने प्रवास करतो आणि यंत्र त्याच्या पिशवीत असते. पॅनासॉनिकचे 'लेट्स नोट' हे लॅपटॉप त्याच्यासाठीच घडविलेले आहेत. गाडीतील चेंगराचेंगरीचा दाब सोसावा म्हणून शंभर किलोच्या भाराखाली त्यांची परीक्षा घेतात. २०१४ साली या मालिकेतील दहा इंची यंत्र ७४५ ग्रॅमचे होते, आणि २०२२ साली १२.४ इंची नवी यंत्रे आली. वायो कंपनीने २०१९ साली साडेबारा इंची 'एसएक्स १२' मध्ये १९ मिलिमीटर अंतराच्या पूर्ण कळा बसवून वजन नऊशे ग्रॅमच्या आत ठेवले. फुजित्सुने तर तेरा इंची यंत्राचे वजन ६३४ ग्रॅमपर्यंत उतरविले. ही यंत्रे स्वस्त नव्हेत. 'लेट्स नोट'ला सामान्यतः दोन लाख येनांहून अधिक मोजावे लागतात, आणि मोठे गिऱ्हाईक कंपन्यांचे आहे. यावरून दोन गोष्टी सिद्ध होतात: लहान यंत्र उत्तम करता येते, आणि ते उत्तम असेल तर त्याची किंमत देणारेही असतात.

अगदी चिमुकल्या यंत्रांचा प्रश्न चीनमधील शेन्झेनच्या काही लहान कारखानदारांनी निराळ्या रीतीने सोडविला. 'जीपीडी' या कंपनीने २०१७ साली सात इंची पडद्याचा, अर्ध्या किलोच्या आतला 'पॉकेट' लॅपटॉप काढला, तो गिऱ्हाइकांकडून आगाऊ रक्कम घेऊनच. २०१९ साली तिने सहा इंची 'मायक्रो पीसी' बनविला. कारखान्यातील यंत्रे तपासणाऱ्या तंत्रज्ञांना अजूनही लागणारी जुन्या पद्धतीची सिरियल जोडणी त्याला मुद्दाम ठेवलेली होती. हे गिऱ्हाईक एका गावात एखादेच असेल. परंतु जगभरचे एकत्र केले की कारखाना चालतो. आधी बयाणा, मग माल, ही रीत आपल्या पेढ्यांना नवी नाही. नवी आहे ती विखुरलेली मागणी एकत्र गोळा करण्याची हिकमत.

आपल्याकडे काय स्थिती आहे? २०२३ साली रिलायन्सने अकरा इंची 'जिओबुक' १६,४९९ रुपयांस आणले. वजन ९९० ग्रॅम. ते मुख्यतः विद्यार्थ्यांसाठी योजलेले होते आणि त्याची प्रणाली अँड्रॉइडवर आधारलेली होती. विंडोजवर हिशेब ठेवणाऱ्या व्यापाऱ्याचे काम त्यावर भागण्यासारखे नव्हते. त्यामुळे लहान यंत्र शोधणारे बहुसंख्य लोक जुन्या बाजाराकडे जातात. मोठ्या कंपन्यांनी मुदतीनंतर काढून टाकलेले साडेबारा इंची लॅपटॉप मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये मिळतात. परंतु आता त्यातही मेख आहे. विंडोज १० ची नियमित देखभाल मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली, आणि विंडोज ११ ला इंटेलचा साधारणतः आठव्या पिढीचा अथवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. जुन्या साडेबारा इंची यंत्रांपैकी पुष्कळशी त्याआधीच्या पिढ्यांची आहेत. घेणाऱ्याने व विकणाऱ्याने ही एक गोष्ट तपासल्याशिवाय व्यवहार करू नये.

आमचे ते दलाल नेमके यातच सापडले. दिवाळीनंतर त्यांची पुन्हा गाठ पडली, तेव्हा त्यांच्या पिशवीत बेंगळुरूहून आणलेला जुना साडेबारा इंची लॅपटॉप होता. यंत्र सुबक, कळा उत्तम. परंतु विंडोज ११ त्यावर चढत नव्हती. "खांदा हलका झाला, पण घोर लागला," असे ते हसत म्हणाले. आम्हांस मात्र हसू आले नाही. योग्य माल जवळ नसला म्हणजे तोटा एकट्या दुकानदाराचाच होतो असे नाही. विश्वासाने आलेल्या माणसालाही आडवाटेने जाऊन ठेच खावी लागते.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर असे: स्वस्त व लहान यंत्राची मागणी बहुतांशी मोबाइल आणि टॅब्लेटकडे गेली, ती परत येण्याचा संभव थोडा. हलक्या यंत्राची मागणी सर्वांचीच झाली असून ती वाढतच राहील. लहान असूनही पूर्ण कळांचे, भरवशाचे यंत्र मागणारे गिऱ्हाईक संख्येने थोडे आहे, पण ते टिकाऊ आहे. वजनासाठी चार पैसे अधिक देण्याची त्याची तयारी असते.

अशा मालाने वखार भरावी, असे आम्ही मुळीच सुचवीत नाही. लॅपटॉप हा दिवसागणिक जुना होणारा माल आहे. पडून राहिला तर नफा खाऊन टाकतो. परंतु प्रत्येक दुकानात गल्ल्याशेजारी एक साधी वही ठेवता येईल. कोणी काय मागितले आणि ते आपणांपाशी नव्हते, एवढेच तीत लिहावे. महिन्याला दोन-तीन नोंदी झाल्या तरी पुरे. एका दुकानाच्या दोन गिऱ्हाइकांसाठी ठोक व्यापारी माल मागविणार नाही. पण बेळगाव, इंदूर, बडोदे, हैदराबाद अशा गावांतील दुकानांच्या वह्या वर्षातून एकदा एकत्र वाचल्या, तर त्याला ऐकावे लागेल अशी मागणी उभी राहील. व्यापारी संघाने हे काम अंगावर घ्यावे, अशी आमची नम्र सूचना आहे.

त्या बेळगावच्या दुकानात अशी वही आता सुरू झाली आहे. तीतील पहिली नोंद निपाणीच्या कापड-दलालांची आहे.