प्रोस्टेटचा कर्करोग : घाई नको, हयगयही नको

रात्री दोन-तीनदा लघवीसाठी उठावे लागणे, धार बारीक होणे, लघवी पूर्ण झाली नाही असे वाटत राहणे, अशा तक्रारी साठीनंतर अनेक पुरुषांना जाणवतात. 'वयोमानाप्रमाणे चालायचेच' असे म्हणून त्या घरातही बोलल्या जात नाहीत. यांतील बहुतेक तक्रारींमागे कर्करोग नसतो; वयपरत्वे होणारी प्रोस्टेट ग्रंथीची साधी वाढ असते. उलट, प्रोस्टेटचा कर्करोग सुरुवातीच्या काळात बहुधा कोणतेच लक्षण दाखवत नाही. त्यामुळे तक्रार आहे म्हणून कर्करोग असेलच असे नाही आणि तक्रार नाही म्हणून तो नसेलच असेही नाही.

गोव्याच्या दृष्टीने हा विषय विशेष महत्त्वाचा आहे. 2011 च्या जनगणनेनुसार राज्याच्या लोकसंख्येत साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण 11.2 टक्के होते. केरळच्या खालोखाल हे देशातील सर्वाधिक प्रमाण होय. वयाबरोबर बळावणारा हा आजार अशा राज्याने नीट समजून घ्यायला हवा.

धोका कोणाला?

अक्रोडाएवढी ही ग्रंथी मूत्राशयाच्या खाली, मूत्रमार्गाला वेढून असते. पन्नाशीपूर्वी तिचा कर्करोग क्वचितच आढळतो. पुढे मात्र धोका वाढत जातो. वडील किंवा सख्खा भाऊ यांना हा आजार झाला असल्यास धोका दुपटीहून अधिक असतो. बीआरसीए-2 या जनुकातील दोषामुळे स्त्रियांमध्ये स्तनाचा व अंडाशयाचा, तर पुरुषांमध्ये प्रोस्टेटचा कर्करोग होण्याची शक्यता वाढते. म्हणूनच डॉक्टरांना कौटुंबिक इतिहास सांगताना आई, मावशी, बहीण यांचे आजारही सांगणे आवश्यक असते.

प्रतिबंधाची गोळी आहे का?

हा कर्करोग हमखास टाळणारा कोणताही उपाय आज उपलब्ध नाही. जीवनसत्त्व ई आणि सेलेनियम यांच्या गोळ्यांनी तो टळेल, अशी एके काळी मोठी आशा होती. ती तपासण्यासाठी 2001 मध्ये अमेरिकेच्या पुढाकाराने 35 हजारांहून अधिक पुरुषांचा अभ्यास सुरू झाला. 2011 मध्ये हाती आलेला निष्कर्ष धक्कादायक होता. केवळ जीवनसत्त्व ई घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग 17 टक्क्यांनी अधिक आढळला. डॉक्टरांच्या सल्ल्याविना घेतलेली 'ताकदीची गोळी' निरुपद्रवीच असते, या समजाला यातून चांगलाच छेद गेला.

ग्रंथीच्या साध्या वाढीवर दिल्या जाणाऱ्या फिनास्टेराइडने हा कर्करोग सुमारे एक चतुर्थांशाने कमी होतो, असे 2003 मध्ये दिसून आले. मात्र त्यामुळे मृत्यू कमी झाल्याचे सिद्ध झाले नाही. शिवाय लैंगिक दुष्परिणामही असल्याने प्रतिबंधासाठी ते सरसकट दिले जात नाही. या औषधाने रक्तातील पीएसएचे प्रमाण जवळपास निम्म्यावर येते. त्यामुळे ते घेणाऱ्याने चाचणीपूर्वी डॉक्टरांना तसे सांगणे अगत्याचे आहे. धूम्रपान सोडणे, वजन आटोक्यात ठेवणे आणि नियमित व्यायाम हे उपाय मात्र कोणालाही लागू पडतात. हृदयासाठी ते हितकारक आहेतच. धूम्रपान आणि स्थूलता यांचा संबंध या कर्करोगाच्या घातक स्वरूपाशीही आढळला आहे.

चाचणी : फायदा आणि मर्यादा

पीएसए हे प्रोस्टेटमध्ये तयार होणारे प्रथिन असून रक्ताच्या साध्या चाचणीत ते मोजता येते. दर मिलिलिटरला 4 नॅनोग्रॅम ही रूढ मर्यादा मानली जाते; परंतु ग्रंथीची साधी वाढ, जंतुसंसर्ग किंवा लघवीसाठी घातलेली नळी यांमुळेही हा आकडा वाढतो. एकाच अहवालावरून हबकून जाण्याचे कारण नाही. सहसा चाचणी पुन्हा करून, गरजेप्रमाणे एमआरआय काढून मगच बायोप्सीचा निर्णय घेतला जातो. निदान पक्के होते ते बायोप्सीनेच.

युरोपातील एका विस्तृत अभ्यासाचे 23 वर्षांचे निष्कर्ष 2025 मध्ये प्रसिद्ध झाले. पीएसए चाचणीसाठी बोलावलेल्यांमध्ये या कर्करोगाने होणारे मृत्यू 13 टक्क्यांनी कमी होते. मात्र एक मृत्यू टाळण्यासाठी 456 पुरुषांना चाचणीचे निमंत्रण द्यावे लागले आणि ज्यांना कधीच त्रास झाला नसता असे कर्करोगही त्यात सापडले. अमेरिकेतील तज्ज्ञ मंडळाने 2018 मध्ये 55 ते 69 वयोगटातील पुरुषांनी डॉक्टरांशी बोलून स्वतः निर्णय घ्यावा, तर सत्तरीनंतर सरसकट चाचणी करू नये, असा सल्ला दिला तो यामुळेच. कुटुंबात हा आजार असलेल्यांनी मात्र ही चर्चा लवकर, पंचेचाळिशीच्या आसपासच सुरू करणे श्रेयस्कर.

प्रत्येक रुग्णाला शस्त्रक्रिया नको

बायोप्सीतील पेशी किती आक्रमक आहेत, हे ग्लीसन गुणांवरून ठरते. हे गुण, पीएसए आणि आजाराचा विस्तार यांवरून कमी, मध्यम व अधिक जोखीम असे गट पाडले जातात. पुढील उपचार या गटांवर अवलंबून असतात.

कमी जोखमीच्या आजारात 'सक्रिय देखरेख' हा मान्यताप्राप्त पर्याय आहे. त्यात ठरावीक काळाने पीएसए, एमआरआय व बायोप्सी केली जाते आणि आजार बळावल्याची चिन्हे दिसताच उपचार सुरू होतात. ब्रिटनमध्ये 1,643 रुग्णांची देखरेख, शस्त्रक्रिया आणि किरणोपचार अशा तीन गटांत विभागणी करण्यात आली होती. 15 वर्षांनंतर तिन्ही गटांत मिळून जेमतेम 3 टक्के रुग्ण या कर्करोगाने दगावले आणि गटांमध्ये लक्षणीय फरक नव्हता. मात्र देखरेखीच्या गटात आजार शरीरात पसरण्याचे प्रमाण सुमारे 9 टक्के, तर इतर दोन गटांत ते 5 टक्क्यांच्या आसपास होते. देखरेख म्हणजे विसरून जाणे नव्हे. तारखा पाळणाऱ्यालाच तिचा लाभ होतो.

ग्रंथी काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेनंतर लघवीवरील ताबा आणि लैंगिक क्षमता यांवर परिणाम होऊ शकतो. किरणोपचारांत आतड्याचा व मूत्राशयाचा त्रास संभवतो. अधिक जोखमीच्या रुग्णांना किरणोपचारांसोबत दीड ते तीन वर्षे संप्रेरक उपचारही दिले जातात. याच गटासंबंधी मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात 224 रुग्णांवर झालेल्या अभ्यासाची जगभर दखल घेतली गेली. ओटीपोटातील लसिकाग्रंथींनाही किरणोपचार दिलेल्यांपैकी 95 टक्के रुग्णांत पाच वर्षांनंतरही आजाराने पीएसएच्या रूपात पुन्हा डोके वर काढले नव्हते. केवळ प्रोस्टेटपुरते उपचार झालेल्यांत हे प्रमाण 81 टक्के होते. एकूण आयुर्मानात मात्र तोवर फरक दिसला नव्हता.

आजार पसरल्यावरही उपचार आहेत

पुरुष संप्रेरक रोखल्यास हा कर्करोग आक्रसतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी 1941 मध्ये दाखवले आणि 1966 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आजही पसरलेल्या आजारावरील उपचारांचा पाया तोच आहे. त्यासाठी नियमित इंजेक्शने घेता येतात किंवा दोन्ही वृषणे काढण्याची छोटी शस्त्रक्रिया करता येते. ती एकदाच करावी लागते आणि तिचा खर्चही कमी असतो. जोडीला आबिराटेरोनसारख्या गोळ्या किंवा केमोथेरपी दिल्यास आयुष्य वाढते. निवडक रुग्णांना किरणोत्सारी ल्युटेशियमचे उपचारही आता मिळू शकतात. संप्रेरक उपचारांनी हाडे ठिसूळ होणे, वजन वाढणे, मधुमेह बळावणे संभवते. त्यावरही लक्ष ठेवावे लागते. अशा रुग्णाला पाठदुखीसह पायांत अशक्तपणा जाणवला किंवा लघवी अडली, तर मणक्यावर दाब आल्याची ती खूण असू शकते. तेव्हा सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

डॉक्टरांना काय विचारावे?

- आजार कोणत्या जोखीम-गटात आहे आणि तो ग्रंथीबाहेर पसरला आहे का?
- देखरेख हा पर्याय लागू आहे का? नसल्यास का?
- प्रत्येक उपचाराचे लघवी, आतडी व लैंगिक जीवनावर कोणते परिणाम होतील?
- बांबोळीच्या गोमेकॉत यांपैकी काय उपलब्ध आहे आणि दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत काय बसते?

कमी व मध्यम जोखमीच्या बहुतेक रुग्णांना विचार करण्यासाठी काही आठवड्यांची सवड असते. तेवढ्यात मूत्ररोगतज्ज्ञ आणि किरणोपचारतज्ज्ञ अशा दोघांचाही सल्ला घेता येतो. सोबत पत्नी किंवा मुले असल्यास अधिक चांगले, कारण उपचारांनंतरचे दिवस सगळ्या घरालाच निभवायचे असतात. संकोचापायी पुढे ढकललेली भेट मात्र या आजारात फार महाग पडू शकते.