न जुळलेल्या हिशेबातून सापडलेला कण

रोजमेळाची शिल्लक जुळली नाही, तर जाणता व्यापारी हिशेबाचा नियम बदलत नाही. सुटलेली नोंद शोधतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भौतिकशास्त्रापुढे नेमका असाच पेच उभा राहिला होता.

काही अणुकेंद्रांतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो. या क्रियेत मोकळी होणारी ऊर्जा ठरावीक असते. त्यामुळे प्रत्येक इलेक्ट्रॉनकडे तेवढीच ऊर्जा असावी, अशी अपेक्षा होती. परंतु १९१४ साली जेम्स चॅडविक यांना इलेक्ट्रॉनांची ऊर्जा कमी-अधिक आढळली. उरलेली ऊर्जा जाते कोठे? ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम अणुकेंद्रात कदाचित पाळला जात नसेल, असा विचार नील्स बोर यांच्यासारखे थोर शास्त्रज्ञही करू लागले.

वोल्फगांग पाउली यांनी मात्र नियम सोडला नाही. ४ डिसेंबर १९३० रोजी लिहिलेल्या पत्रात त्यांनी सुचवले की, विद्युत्भार नसलेला एक अतिशय हलका कण ही ऊर्जा घेऊन निसटत असावा. तोच न्यूट्रिनो. १९३४ साली एन्रिको फर्मी यांनी त्याच्या आधारे सिद्धांत मांडला आणि निसर्गातील एका नव्या, क्षीण बलाची ओळख पटू लागली.

हा कण पृथ्वीतूनही सहसा विनाअडथळा आरपार जातो. मग तो पकडावा कसा? अमेरिकेत फ्रेडरिक राइन्स आणि क्लाइड कोवन यांनी अणुभट्टीजवळ पाण्याच्या टाक्या ठेवून १९५६ साली त्याच्या प्रतिकणाच्या खुणा टिपल्या. पाउलींना तार गेली. सव्वीस वर्षांनी सुटलेली नोंद सापडली होती.

या शोधात भारताचाही वाटा आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी व ब्रिटिश सहकाऱ्यांसह कोलारच्या खोल सोन्याच्या खाणीत, १९६५ साली, वातावरणात निर्माण होणाऱ्या न्यूट्रिनोंची चाहूल टिपली.

पुढे याच कणाने प्रस्थापित सिद्धांतालाही धक्का दिला. त्या सिद्धांतात न्यूट्रिनोला वस्तुमान नव्हते. १९९८ साली जपानमधील सुपर-कामिओकांडे प्रयोगात तो प्रवासात आपला प्रकार बदलतो, असे दिसले. वस्तुमान असल्याखेरीज हे घडणे शक्य नाही. २०१५ चे नोबेल पारितोषिक याच संशोधनासाठी ताकाकी काजिता आणि आर्थर मॅकडोनाल्ड यांना मिळाले.

ते वस्तुमान नेमके किती, हे अद्याप मोजता आलेले नाही. भौतिकशास्त्राच्या वहीतील तो रकाना अजून कोराच आहे.